संस्कृतीचा उतारा निघत नाही

प्रति,
महाराष्ट्र-कर्नाटक सीमाप्रश्नासाठी ठरलेली सहा मंत्र्यांची समिती,
मुक्काम मुंबई आणि बेंगळुरू.

विषय : बेळगाव सांस्कृतिकदृष्ट्या कुणाचं, हा प्रश्न समितीच्या कामातून वगळून एका पानाच्या कराराचा मसुदा हाती घेण्याबाबत.

महोदय,

पत्रावर कुणाचं नाव घातलेलं नाही, ते मुद्दाम. १४ डिसेंबर २०२२ रोजी दिल्लीत केंद्रीय गृहमंत्र्यांनी दोन्ही मुख्यमंत्र्यांना समोरासमोर बसवलं. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागेपर्यंत कुणी दावे करायचे नाहीत आणि इकडचे तीन, तिकडचे तीन अशा सहा मंत्र्यांनी बसून रोजचे वाद मिटवायचे, असं तिथं ठरलं. दोन आठवड्यांच्या आत दोन्ही विधिमंडळांनी आपापल्या दाव्याचे ठराव करून टाकले. पुढं मे २०२३ मध्ये कर्नाटकात सरकार बदललं, महाराष्ट्रातही निवडणूक झाली, खाती इकडची तिकडे गेली. म्हणून हे पत्र माणसांना नाही, त्या सहा खुर्च्यांना आहे. आज तिथं जो कुणी बसला असेल त्याने फोडावं. कुणीच बसलं नसेल तर तेही आम्हाला कळवावं.

मी शहापूरचा. कचेरीच्या आवारात दस्त लिहून पोट भरतो. खरेदीपत्र, वाटणीपत्र, बक्षीसपत्र, हक्कसोड, वारसाचे अर्ज. मोडी वडिलांकडून शिकलो, कन्नड लिहायला पोटाने शिकवलं. पत्र मराठीत आहे, आपल्यातल्या तिघांसाठी कन्नड प्रत सोबत जोडली आहे. मी बेळगाव लिहिणार, ते तिघे बेळगावी वाचतील. त्यावर कुणाचा वेळ जाऊ नये.

दर काही महिन्यांनी कुणीतरी पुढारी माईक धरून सांगतो, की हे शहर संस्कृतीने आमचं आहे. लगेच दोन्हीकडून पुरावे पडू लागतात. मी ते दोन्हीही नीट पाहिले आहेत.

मराठी बाजूचे पुरावे भक्कम आहेत. टिळकांनी एप्रिल १९१६ मध्ये होमरूल लीग स्थापन केली ती बेळगावात. मराठी साहित्य संमेलन इथं १९२९, १९४६ आणि २००० साली भरलं. त्यातल्या १९४६ च्या संमेलनात, ग. त्र्यं. माडखोलकर अध्यक्ष असताना, संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला. म्हणजे ज्या राज्यात आम्ही नाही, त्या राज्याची मागणी आमच्या गावातून गेली. इंदिरा संतांनी उभा संसार आणि कविता इथं केली. पु. ल. देशपांडे इथल्या राणी पार्वतीदेवी कॉलेजात शिकवत होते. वैशाखातल्या शिवजयंतीला चित्ररथांची मिरवणूक निघते ती रात्र सरली तरी संपत नाही.

कन्नड बाजूचे पुरावे त्याहून जुने आहेत. किल्ल्यातली कमल बसदी, म्हणजे जैन मंदिर, १२०४ सालची, बेळगाव रट्ट राजांची राजधानी होतं तेव्हाची. खानापूर तालुक्यातलं हलशी हे कदंबांचं जुनं राजधानीचं ठिकाण. १८२४ मध्ये राणी चन्नम्मांनी कंपनीच्या फौजेचा पराभव केला ते कित्तूर आमच्याच जिल्ह्यात. के. एल. ई. ही शिक्षणसंस्था निघाली तीही १९१६ सालीच, म्हणजे एकाच गावात एका वर्षात इकडे होमरूल, तिकडे के. एल. ई. मार्च २०११ मध्ये विश्व कन्नड संमेलन इथं झालं, ऑक्टोबर २०१२ मध्ये सुवर्णसौधाचं, म्हणजे इथल्या विधानभवनाचं, उद्घाटन राष्ट्रपतींच्या हस्ते झालं.

यातला एकही पुरावा खोटा नाही. दोन्ही बाजूंची भाषणं ऐकताना मला नेहमी वाटतं, की थोरामोठ्यांवर हक्क सांगायला दोन्ही राज्यं पुढं असतात. मुद्रांक घोटाळ्याचा तेलगीसुद्धा खानापूरचाच, त्याच्यावर मात्र संस्कृतीचा दावा कुणी केलेला ऐकिवात नाही.

काही पुरावे तर दोन्ही फायलींत आहेत. १९२४ चं काँग्रेस अधिवेशन बेळगावला झालं. गांधीजी अध्यक्ष असलेलं ते एकमेव अधिवेशन, त्यामुळं दोघांनाही ते हवं असतं. त्या अधिवेशनाचे यजमान गंगाधरराव देशपांडे. हुदलीचे, टिळकांच्या तालमीतले, आत्मचरित्र लिहिलं ते मराठीत. लोक त्यांना म्हणत कर्नाटक केसरी. अधिवेशनासाठी वसवलेल्या नगराला नाव दिलं विजयनगर. आता या गृहस्थांना कुठल्या फायलीत लावायचं ते आपण सहा जणांनी ठरवा. त्यांनी स्वतः ठरवायची तसदी घेतलेली दिसत नाही.

दस्तात मिळकतीचं वर्णन लिहिताना चतुःसीमा घालाव्या लागतात. पूर्वेस अमक्याचं घर, पश्चिमेस सरकारी रस्ता, असं. चतुःसीमा जुळल्या नाहीत तर सब-रजिस्ट्रार दस्त घेत नाही. बेळगावच्या संस्कृतीचं खरेदीपत्र करायला कुणी आलं, तर मला पुढीलप्रमाणे लिहावं लागेल.

पूर्वेस सौंदत्तीची यल्लम्मा. डोंगर कर्नाटकात, देवी कर्नाटकात, आणि मार्गशीर्ष पौर्णिमेला तिथं गर्दी असते ती कोल्हापूर, सांगलीकडची. एसटीच्या गाड्याच्या गाड्या भरून येतात. उदो उदो म्हणणाऱ्यांना पुजाऱ्यांनी कधी रहिवासाचा दाखला मागितलेला नाही.

पश्चिमेस चंदगड. हा तालुका १९५६ पर्यंत बेळगाव जिल्ह्यात होता. राज्य पुनर्रचना कायद्याने सगळा जिल्हा म्हैसूर राज्याला, म्हणजे आजच्या कर्नाटकाला, दिला, चंदगड तेवढा मुंबई राज्यात ठेवला, मग तो कोल्हापूरला जोडला. आमच्या घरच्यांचं माहेर तिकडचं, त्यामुळं लग्नाच्या याद्या होताना दोन राज्यं होती. पण चंदगडच्या माणसाला दवाखाना लागला, लग्नाचा बस्ता बांधायचा झाला, तर तो शिनोळीवरून सरळ बेळगावात येतो. कोल्हापूर त्याला लांब पडतं. त्याच रस्त्याने पुढं आंबोलीचा घाट उतरला की सावंतवाडी. राणी पार्वतीदेवी कॉलेज चालवणाऱ्या संस्थेचं नाव तर साउथ कोकण एज्युकेशन सोसायटी. कोकणाने अजून दावा लावलेला नाही हे आपलं नशीब.

उत्तरेस निपाणी. तंबाखूची पेठ, घरात मराठी, राज्य कर्नाटक. गावाच्या कडेला देवचंद कॉलेज आहे, त्याचा पत्ता मात्र अर्जुननगर, तालुका कागल, जिल्हा कोल्हापूर. निपाणीचा पोरगा रोज सकाळी शिकायला महाराष्ट्रात जातो आणि दुपारी जेवायला कर्नाटकात येतो. त्याच अंगाला रायबाग तालुक्यात चिंचलीची मायाक्का. माघात तिच्या यात्रेला महाराष्ट्रातले धनगर बैलगाड्या घेऊन येतात, भंडारा उधळतात, परत जातात.

दक्षिणेस धारवाड. तिथं द. रा. बेंद्रे राहिले. घरात मराठी बोलले, कविता कन्नडमध्ये लिहिली आणि १९७३ चं ज्ञानपीठ कन्नडला मिळवून दिलं. त्याच धारवाडात जी. ए. कुलकर्णी राहिले. बेळगावात वाढलेले, कॉलेजात इंग्रजी शिकवलं, चहूकडं कन्नड ऐकलं आणि कथा लिहिली ती मराठीत. धारवाडच्या संस्कृतीवर यातला कुणाचा हक्क किती, असं अजून कुणी विचारलेलं नाही. धारवाड कुणी मागत नाही म्हणून सुटलं.

अशी चतुःसीमा बघून कुठलाही सब-रजिस्ट्रार कपाळाला हात लावेल. आणि मी अजून शहराच्या आतलं सांगितलेलंच नाही. आज बेळगावचा भाग असलेलं आमचं शहापूर संस्थानं विलीन होईपर्यंत सांगलीच्या पटवर्धनांचं होतं. बेळगाव इंग्रजांचं. एका बाजारपेठेतून दुसरीत जाताना राज्य बदलायचं. माझ्याकडं येणाऱ्या जुन्या बाडांत सांगली संस्थानच्या मुद्रांकावरचे मोडी दस्त अजून निघतात. मध्ये एवढी सरहद्द असून विणकर इकडचं सूत तिकडं नेत होते आणि कपिलेश्वराला दोन्हीकडची माणसं जात होती.

आता समितीने बारकाईने पाहावी अशी एक जोडी मांडतो. माझ्या मते सगळा वाद या दोन गावांत कळतो.

पहिलं गाव नंदगड, खानापूर तालुक्यातलं. कित्तूरचा संगोळ्ळी रायण्णा, ज्याच्या नावावर आज अर्धा कर्नाटक उभा राहतो, त्याला कंपनी सरकारने २६ जानेवारी १८३१ रोजी फाशी दिली ती नंदगडला. त्याची समाधी तिथं आहे. आणि नंदगड ही मराठी बोलणाऱ्यांची पेठ. सीमाप्रश्नासाठी केंद्राने नेमलेल्या महाजन आयोगाने १९६७ च्या अहवालात २६४ गावं महाराष्ट्राला द्यावीत असं म्हटलं, त्यांत निपाणी, खानापूर यांच्याबरोबर नंदगडही होतं.

दुसरं अक्कलकोट. पुण्या-मुंबईच्या मराठी घरांत स्वामी समर्थांचा फोटो नाही असं घर शोधावं लागेल. गुरुवारी तिथं रांग लागते ती मराठी माणसांची. पण अक्कलकोटच्या आसपासच्या खेड्यांत घराघरांत कन्नड बोलतात. त्याच महाजन आयोगाने २४७ गावं कर्नाटकाला द्यायला सांगितली, त्यांत अक्कलकोट होतं.

म्हणजे संस्कृतीचा निकष लावला तर नंदगड कर्नाटकाकडे राहतं आणि तिथल्या माणसांची भाषा महाराष्ट्राची. अक्कलकोट महाराष्ट्राकडे राहतं आणि तिथल्या खेड्यांची भाषा कर्नाटकाची. उलट, माणसांच्या भाषेचा निकष लावला तर रायण्णाची समाधी महाराष्ट्रात जाते आणि स्वामींचा मठ कर्नाटकात. बेंगळुरू पहिलं सोसणार नाही, मुंबई दुसरं सोसणार नाही. म्हणून दोघेही सोयीप्रमाणे निकष बदलतात. बेळगावला आलं की महाराष्ट्र माणसं मोजतो आणि कर्नाटक दगड दाखवतं. सोलापूर-जतला गेलं की कर्नाटक माणसं मोजायला लागतं आणि महाराष्ट्राला इतिहास आठवतो.

माझा रोख आपल्यातल्या महाराष्ट्राच्या तिघांकडे जास्त आहे, कारण ते आमची बाजू मांडतात असं आम्ही धरून चालतो. आमचा मूळ दावा संस्कृतीचा नव्हताच. आंध्र आणि मद्रास यांच्यातल्या गावांची वाटणी करताना पाटसकरांनी जे सूत्र वापरलं ते आम्ही मागत होतो : खेडं हे एकक, लागून असलेला प्रदेश, तिथल्या लोकांची बहुसंख्य भाषा आणि त्यांची इच्छा. त्यात देवळाला, शिलालेखाला, पुतळ्याला जागा नाही. त्यात जिवंत माणूस आहे. सेनापती बापट १९६६ मध्ये उपोषणाला बसले ते जिवंत माणसांसाठी, आणि त्यातून महाजन आयोग आला. आयोगाने बेळगाव म्हैसूरकडेच ठेवलं, महाराष्ट्राने अहवाल नाकारला. २००४ मध्ये महाराष्ट्र सर्वोच्च न्यायालयात गेला. तेव्हापासून सीमा बदलण्याचा अधिकार संसदेचा की न्यायालयाला त्यात शिरता येतं, या उंबरठ्यावरच दावा अडकला आहे.

दरम्यान आमच्या पुढाऱ्यांनी माणसं सोडली आणि पुतळे धरले. शिवछत्रपती आमचे म्हणजे बेळगाव आमचं, असं ते बोलू लागले. याचं उत्तर कर्नाटकाने फार हुशारीने दिलं. मार्च २०२३ मध्ये येळ्ळूरच्या राजहंसगडावर शिवरायांचा भव्य पुतळा उभा राहिला आणि त्याचं उद्घाटन चार दिवसांत दोनदा झालं. एकदा भाजपच्या मुख्यमंत्र्यांनी केलं, एकदा काँग्रेसच्या आमदारबाईंनी. निवडणूक तोंडावर होती. ज्या येळ्ळूरमधला ‘महाराष्ट्र राज्य’ हा फलक जुलै २०१४ मध्ये पोलीस बंदोबस्तात उखडला आणि गावकऱ्यांनी लाठ्या खाल्ल्या, त्याच येळ्ळूरच्या गडावर कर्नाटकाचे दोन पक्ष शिवरायांसाठी भांडत होते. दोन महिन्यांनी विधानसभेचा निकाल लागला. बेळगाव महाराष्ट्रात जावं म्हणून लढणाऱ्या महाराष्ट्र एकीकरण समितीचा एकही आमदार नाही, २०१८ मध्येही नव्हता. २०२१ मध्ये महापालिकाही भाजपच्या हाती गेली होती. यावरून बेळगावात मराठी उरली नाही असं कुणी समजू नये. एकीकरण समितीतल्या गटबाजीला लोक कंटाळले, आणि मत देताना माणूस नळाला पाणी किती दिवसांनी येतं ते बघतो. पण एवढं खरं, की शिवराय दोन्हीकडून मिळायला लागल्यावर केवळ त्यांच्या नावावर आमचा दावा चालेनासा झाला.

आणि संस्कृतीचा दावा तापला की पहिली बंद होते ती बस. फेब्रुवारी २०२५ मध्ये सुळेभावीच्या बाजूच्या बसमध्ये मराठी-कन्नडवरून वाद झाला, वाहकाला मारहाण झाली. मग चित्रदुर्गजवळ महाराष्ट्राच्या एसटीचालकाच्या तोंडाला काळं फासलं गेलं, आणि दोन्ही राज्यांच्या गाड्या सरहद्दीवर थांबल्या. हीच सुळेभावी कुमार गंधर्वांचं जन्मगाव. कन्नड घरातलं पोर, मुंबईत देवधरांकडे शिकलं, देवासला राहून माळव्याची गाणी गायलं, आणि मराठी माणसाने त्यांना घरातलं मानलं. त्यांना या वादात साक्षीला बोलावण्याची माझी इच्छा नाही. पण त्या चार दिवसांत कोल्हापूरला तपासणीला निघालेले म्हातारे स्टँडवर बसून होते, त्यांना कुठल्याच संस्कृतीने नेलं नाही.

१७ जानेवारीला आम्ही १९५६ च्या गोळीबारातल्या हुतात्म्यांना अभिवादन करतो. १ जूनला हिंडलग्याला जातो, १९८६ च्या कन्नड सक्तीविरोधी आंदोलनात गेलेल्यांसाठी. ती सक्ती होती शाळेत आणि कचेरीत. ते लोक शाळेच्या नि कचेरीच्या भाषेसाठी गेले. ही गोष्ट आमच्या भाषणांतून कशी निसटली कोण जाणे.

आता कर्नाटकाच्या तिघांना विचारतो. ज्या १९५६ साली आम्हाला म्हैसूर राज्यात घातलं, त्याच साली सातव्या घटनादुरुस्तीने दोन कलमं घटनेत आली. ३५०-अ सांगतं, की भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळण्याची सोय राज्याने करावी. ३५०-ब ने अशा लोकांसाठी खास अधिकारी नेमला. त्याच वर्षीच्या केंद्राच्या निवेदनात धोरण ठरलं, की जिथं अल्पसंख्याकांचं प्रमाण १५ टक्के किंवा त्याहून जास्त आहे तिथं महत्त्वाच्या सूचना, नियम त्यांच्या भाषेतही छापावेत. बेळगाव देणं आणि ही हमी देणं हा एकाच वर्षाचा, एकाच संसदेचा व्यवहार होता. पहिला भाग आपण अगदी मन लावून अंमलात आणला. दुसऱ्याचं काय झालं? त्या खास अधिकाऱ्याचं, म्हणजे भाषिक अल्पसंख्याक आयुक्तांचं, विभागीय कार्यालय एके काळी बेळगावातच होतं. ते चेन्नईला गेलं. आता येळ्ळूरच्या माणसाने आपली मराठीची तक्रार तमिळनाडूत जाऊन द्यायची.

माझ्या टेबलावर हे कसं दिसतं ते सांगतो. भूमी योजनेत २००० सालच्या आसपास कर्नाटकाने जमिनीचे उतारे संगणकावर घेतले. काम चांगलं होतं, तलाठ्याच्या दप्तरातली लाचखोरी त्याने कमी झाली, हे मी मोकळेपणाने सांगतो. पण उतारा छापून येतो तो कन्नडमध्ये. खानापूरकडचा शेतकरी तो घेऊन माझ्याकडं येतो. त्याच्या स्वतःच्या जमिनीवर सोसायटीचा किती बोजा आहे, चुलत्याचं नाव अजून लागलेलं आहे की कमी झालं, हे त्याला मी वाचून दाखवतो आणि वाचण्याचे पैसे घेतो. त्याचा आजोबा मोडीत भरमा आहे, कन्नड उताऱ्यावर भरमाण्णा झाला आहे, बँकेने इंग्रजीत तिसरंच काही केलं आहे. मग ‘ही सर्व नावे एकाच व्यक्तीची आहेत’ असं अॅफिडेव्हिट. नोटरी, शिक्का, एक दिवसाची मजुरी बुडाली. माझी सगळ्यात जास्त कमाई कशावर होते असं विचाराल तर खरेदीपत्रांवर नाही, या अॅफिडेव्हिटांवर. तुम्ही माझं ऐकलंत तर माझाच धंदा बसेल. तरी लिहितोय, हे ध्यानात घ्यावं.

संगणकाला दोन लिप्या जड नाहीत. एका बाजूला कन्नड, दुसऱ्या बाजूला देवनागरी, नाव दोन्हीत एकदाच नक्की केलेलं. उतारा असा दोन लिप्यांत छापला तर कर्नाटकाचं सार्वभौमत्व धोक्यात येईल असं मला वाटत नाही.

आणि हे फक्त कर्नाटकाला ऐकवून मी थांबणार नाही. जतला कुठल्यातरी टपरीत माझ्यासारखाच एकजण बसलेला असणार. त्याच्यासमोर कन्नड शेतकरी मराठी सातबारा धरून उभा असणार, आणि तोही वाचण्याचे पैसे घेत असणार. जत, अक्कलकोट, दक्षिण सोलापूर इथं कन्नड माध्यमाच्या शाळा आहेत. तिथल्या लोकांची तक्रार, की कन्नड शाळेवर मराठी माध्यमाचे मास्तर पाठवतात. हीच तक्रार आमच्या मराठी शाळांची उलट्या दिशेने : जागा रिकामी, भरती नाही, पट घसरला की शाळा बंद. कागदावर फक्त गावाचं नाव बदललं तर दोन्ही अर्ज एकच निघतील. मग आमच्या बाजूचे पुढारी जतच्या कन्नड शाळेबद्दल कधी बोलत का नाहीत? कर्नाटकाची मंडळी बेळगावच्या मराठी शाळेबद्दल बोलत नाहीत, तेवढीच ही लाजेची गोष्ट आहे.

तेव्हा माझी मागणी एका पानात बसते. दोन्ही राज्यांनी करार करावा. बेळगाव, खानापूर, निपाणी आणि १५ टक्क्यांत बसणाऱ्या इतर भागांत मराठीला जे मिळेल, तेच, शब्द न शब्द, जत, अक्कलकोट, दक्षिण सोलापूर इथं कन्नडला मिळावं. उतारा दोन लिप्यांत. गावापुरत्या सूचना दोन भाषांत. बसवरच्या पाट्या दोन लिप्यांत, म्हणजे वाद निम्मे तिथंच मिटतील. शाळेवर मास्तर त्याच माध्यमाचा. दुकानाच्या फलकावर कर्नाटकाचा ६० टक्के कन्नडचा कायदा आहे, तो राहू दे, उरलेल्या ४० टक्क्यांत काय लिहायचं ते दुकानदारावर सोडा. २०२३ मध्ये महाराष्ट्राने कर्नाटकातल्या, आपला दावा असलेल्या ८६५ गावांना महात्मा फुले आरोग्य योजना लागू केली तेव्हा कर्नाटकाने हरकत घेतली. तीही या करारात आणता येईल : जतच्या कन्नड माणसाला कर्नाटकाची, बेळगावच्या मराठी माणसाला महाराष्ट्राची, दोघांचीही नोंद उघड. चोरून मदत केली की ती चिथावणी ठरते.

दोन्हीकडून अडचण काय सांगितली जाईल तीही मला माहीत आहे. बेंगळुरू म्हणेल, मराठीत उतारा दिला तर न्यायालयात आमचा दावा कच्चा पडेल. आमची एकीकरण समिती म्हणेल, कर्नाटकाकडून हक्क मागितले तर कर्नाटकात राहणं कबूल केल्यासारखं होईल. दोघांचीही भीती एकच आणि तिच्यावर औषध फार जुनं आहे. भावाभावांत दावा चालू असताना शेत पडीक राहू नये म्हणून आम्ही कागद करतो, त्यात पहिलंच वाक्य असतं : ‘उभय पक्षांच्या मूळ हक्कास कोणत्याही प्रकारे बाधा न येता’. त्या वाक्याखाली पेरणीही होते, मळणीही होते, आणि दावा आपल्या गतीने चालत राहतो. वकिलांना हे वाक्य पाठ असतं. मंत्र्यांना ते कुणी ऐकवलेलं दिसत नाही.

समितीची बैठक ठरली तर ती कोल्हापुरातही नको आणि बेंगळुरातही नको. बेळगावात घ्या. डिसेंबर २०२२ मध्ये महाराष्ट्राचे दोन मंत्री इथं यायचे होते, ते आलेच नाहीत, कारण त्यांना येऊ देणार नाही असं आधीच जाहीर झालं होतं. दर वेळी सरहद्दीवरच्या कोगनोळीच्या नाक्यावर पोलीस उभे करण्यापेक्षा आत बोलावून चहा द्यायला खर्च कमी येतो. जागेचा प्रश्न नाही. सुवर्णसौध आहे, हिवाळी अधिवेशन संपलं की तिथं भरपूर जागा असते. फक्त १ नोव्हेंबर, कर्नाटक राज्योत्सवाचा दिवस, टाळा. त्या दिवशी शहराच्या एका भागात लाल-पिवळे झेंडे असतात, दुसऱ्यात काळे, आणि सगळे रस्ते बंद.

कराराचा मसुदा मी दोन्ही भाषांत लिहून ठेवला आहे. मराठीत सव्वा पान झालं, कन्नडमध्ये दीड. लिहिण्याचे पैसे घेणार नाही. टायपिंग आणि ई-स्टॅम्पचा खर्च दोन्ही राज्यांनी निम्मा निम्मा करावा आणि कोणत्या राज्याचा स्टॅम्प लावायचा ते आधी कळवावं, म्हणजे ऐनवेळी त्यावरून समिती मोडायला नको.

आपला,
शहापूर, बेळगाव येथील एक दस्तलेखक